‘पोझोर’ : एका स्लाव्ह शब्दाचा अर्थप्रवास

चेक प्रजासत्ताकातील रेल्वे फाटकांपाशी ‘पोझोर व्ह्लाक’ अशी पाटी आढळते. ‘सावधान, आगगाडी’ हा तिचा अर्थ. रशियन वाचकास मात्र त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘लज्जास्पद गोष्ट’ असा लागतो. ही केवळ ध्वनिसाम्याने जुळलेली जोडी नव्हे. शब्द मुळात एकच आहे. ‘पाहणे’ या अर्थाच्या ‘झिर्’ या समाईक स्लाव्ह धातूला ‘पो’ हा उपसर्ग लागून, संस्कृतातील गुणाची आठवण करून देणाऱ्या स्वरबदलाने ‘पोझोर’ हे नाम सिद्ध झाले. रशियनमधील ‘झ्रीतेल’ (प्रेक्षक) आणि ‘झेर्कालो’ (आरसा) हे शब्दही याच कुळातील होत.

पाहण्याच्या क्रियेत पाहणाऱ्याचे अवधान असते, पाहिली जाणारी वस्तू असते आणि त्या वस्तूचे दिसणारे रूपही असते. चेक, स्लोव्हाक, स्लोव्हेन व क्रोएशियन भाषांनी यांपैकी अवधान उचलले. पोलिश ‘पोझूर’ म्हणजे वरवरचे रूप, बहुधा फसवे. सर्बियनमध्ये ‘पोझोरिश्ते’ म्हणजे नाट्यगृह. १८६८ साली स्थापन झालेल्या बेलग्रेडच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेच्या नावात तोच शब्द आहे. क्रोएशियनमध्ये नाट्यगृहाला निराळा शब्द असला, तरी रंगमंचाला ‘पोझोर्नित्सा’च म्हणतात.

रशियन अर्थाचा उलगडा अधिक उद्बोधक आहे. चर्च स्लाव्हॉनिकमध्ये ‘पोझोर’ म्हणजे ‘देखावा’. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, मृत्युदंड ठोठावलेल्या माणसांप्रमाणे प्रेषित जगापुढे देखावा झाले आहेत, असे पौल म्हणतो. तेथील ‘थेआत्रोन’ या ग्रीक शब्दासाठी स्लाव्हॉनिक अनुवादात ‘पोझोर’ योजला आहे. देखावा आणि मानहानी या प्रसंगी एकत्रच आल्या आहेत. गुन्हेगारास लोकांसमोर उभे करण्याच्या खांबालाही रशियनमध्ये ‘पोझोर्नी स्तोल्ब’ म्हणत. १८६४ साली सेंट पीटर्सबर्ग येथे लेखक निकोलाय चेर्निशेव्हस्की यांना असेच चौथऱ्यावरील खांबापाशी साखळ्यांनी जखडून, छातीवर ‘राजद्रोही’ अशा आशयाची पाटी लावून उभे केले गेले होते. १८६३ ते १८६६ या काळात प्रसिद्ध झालेल्या व्लादिमीर दाल यांच्या कोशात ‘पोझोर’चे देखावा आणि अप्रतिष्ठा असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत, पुढे पहिला व्यवहारातून गळाला.

मराठी वाचकास हे स्थित्यंतर अपरिचित वाटू नये. फारसीत ‘तमाशा’ म्हणजे पाहणे, देखावा. मराठीत ते एका लोककलेचे नाव झाले आणि ‘चारचौघांत तमाशा होणे’ म्हणजे शोभा होणे. येथे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात, रशियनमध्ये तसे घडले नाही. ‘पोझोरिश्चे’ हे सर्बियन नाट्यगृहाचे सख्खे भावंड. तेही एके काळी रशियनमध्ये देखाव्याचे व रंगभूमीचे वाचक होते. आज ते केवळ घोर नामुष्कीसाठी वापरले जाते. नाट्यगृहाला रशियन माणूस आता ‘तेआत्र’ म्हणतो. ‘पोझोर’ ज्याचा अनुवाद म्हणून आला होता, त्याच ग्रीक शब्दाचे हे पश्चिम युरोपमार्गे आलेले रूप होय.