सदाफुलीची पानं चघळण्याआधी

छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या रो-हाउसपासून जुन्या शहरातल्या वाड्यापर्यंत सदाफुली कुठेही तग धरते. तिला ना खतपाणी लागतं, ना मे महिन्यातलं ऊन तिचं काही बिघडवतं. घरात कुणाला मधुमेह असला की तिची दोन-चार पानं अनशापोटी चघळायचा सल्ला हमखास मिळतो. ‘झाडाचं पान आहे, अपाय तर नक्कीच नाही,’ अशी पुस्तीही वर जोडलेली असते.

सदाफुली मधुमेहावर चालते, हा समज जमैकातही होता. १९५२ साली तिथून सदाफुलीची पंचवीस पानं पाकिटातून कॅनडाला डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. त्यांनी ती आपले संशोधक भाऊ रॉबर्ट यांच्या हवाली केली. रॉबर्ट यांनी पानांचा अर्क उंदरांना तोंडावाटे दिला. रक्तातल्या साखरेवर काहीच परिणाम दिसला नाही. मग तोच अर्क टोचून पाहिला, तर उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गाने मेले. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. या पेशी अशा घटत असतील तर रक्ताच्या कर्करोगात त्याचा उपयोग होईल, हे लक्षात आलं आणि १९५८ पर्यंत रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी पानांतून व्हिन्ब्लास्टिन वेगळं काढलं. पुढे याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन मिळालं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरलं जातं, शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारणपणे दोन मिलिग्रॅमच्या वर ते देत नाहीत.

म्हणजे सदाफुलीत औषध आहे, यात शंकाच नाही. ज्या आजारासाठी ती चघळली जाते त्या आजारावरचं ते नव्हे, आणि जे आहे ते पान मोजून घेण्यासारखं नाही. झाडपाल्याबद्दलचे बहुतेक गैरसमज इथेच सुरू होतात. वनस्पतीत गुण आहे हे लोकांना पटलेलं असतं. तो गुण म्हणजे एक रसायन आहे आणि रसायनाला मात्रा असते, हे मात्र सुटून जातं.

मराठवाड्याच्या डोंगराळ भागात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण त्याने बिब्बा पाहिलेला असतो. काळ्याभोर, चपट्या फळाला सुई टोचून दिव्यावर धरलं की काळं तेल पाझरतं. पायाला काटा मोडला, भेगा पडल्या की ते लावायचा रिवाज जुना आहे. पण जरा इकडे-तिकडे लागलं की बिब्बा उततो: कातडी लाल होते, फोड येतात, पाणी सुटतं. परीट कपड्यांवर खुणा करायला हेच तेल वापरत, आणि त्या खुणा कितीही धुतल्या तरी जात नसत. याच फळातली गोडंबी मात्र बाळंतिणीच्या लाडवात पडते. आयुर्वेदाने बिब्ब्याला ‘रसायन’, म्हणजे शक्तिवर्धक औषध मानलं, पण आधी विटेच्या चुऱ्यात घोळून, घासून शुद्ध केल्याशिवाय तो वापरायला सांगितला नाही. सोबत उन्हा-आगीपासून दूर राहण्याचं पथ्यही घातलं. परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी परंपरेतली ही अर्धी बाजूही वाचायला हवी.

कायद्यानेही ती वाचली आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांत ई(१) नावाचं परिशिष्ट आहे. आयुर्वेदातली विषारी द्रव्यं त्यात दिली आहेत: बिब्बा, धोतरा, गुंज, बचनाग वगैरे. ही द्रव्यं असलेल्या, पोटात घ्यायच्या औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना छापावी लागते. आठवडी बाजारात कापडावर मांडलेल्या जडीबुटीच्या पुडीवर अशी ओळ कुणी छापत नाही.

करोनाच्या काळात गुळवेलीचं जे झालं ते तर अगदी अलीकडचं. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून घरोघरी काढे उकळू लागले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. २०२२ मध्ये देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून असे त्रेचाळीस रुग्ण नोंदवले. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते, असं या आजाराचं स्वरूप होतं. गुळवेल तो सुरू करते किंवा आधीच दडलेला उघड करते, असा डॉक्टरांचा कयास आहे. आयुष मंत्रालयाने याला हरकत घेतली. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात लोक चुकून घेतात, असं मंत्रालयाचं म्हणणं. मंत्रालयाने सांगितलेली ओळखीची खूण उपयोगी आहे: खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट असतं आणि त्यातून दुधाळ चीक येत नाही, दुसऱ्या जातीचं खोड राखाडी, अंगभर गाठी-फोडांचं असतं आणि त्यातून चीक येतो. हा वाद तज्ज्ञांनी जरूर मिटवावा. शेजारच्या कडुनिंबावरून वेल ओढून काढा करणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही बाजूंचा अर्थ एकच निघतो. ओळख पटलेली नसेल, किंवा यकृताचा वा प्रतिकारयंत्रणेचा आजार असेल, तर ती वेल पोटात घेऊ नये.

त्याच काढ्यातलं ज्येष्ठमध घशाला आराम देतं, हे खरं. पण ते रोज आणि भरपूर घेतलं तर त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात पाणी-मीठ साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आजोबांना हे आधी कळायला हवं.

सौंदर्याच्या उपायांत सगळ्यात घातक आहे ते लिंबू. चेहरा उजळतो म्हणून लिंबाचा रस चोळायचा आणि तसंच उन्हात बाहेर पडायचं, असं कितीतरी मुली करतात. लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेन गटातली द्रव्यं असतात. उन्हातल्या अतिनील किरणांशी त्यांची गाठ पडली की त्वचा भाजते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली आणि फोड दिसतात, आणि मागे काळपट डाग उरतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत. शहराचा पारा चाळिशीपार जातो त्या दिवसांत तर हा प्रयोग करूच नये.

मेंदीचंही असंच. पाल्याची निखळ मेंदी केशरी ते तपकिरी-लाल रंगते, तीही काही तासांनी. ती काळी कधीच रंगत नाही. ‘नैसर्गिक काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटात बहुधा पीपीडी हे केसांच्या कलपातलं रसायन असतं. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सुटत नाही. लग्नसराईत नवरीच्या हातावर काळ्या मेंदीचा कोन धरण्याआधी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचावीत.

कोरफड कापली की सालीलगत पिवळा, कडू चीक दिसतो. तो जालीम रेचक आहे. अमेरिकेत २००२ साली तो दुकानात सहज मिळणाऱ्या रेचकांतून काढून टाकण्यात आला. पान उभं धरून हा चीक पूर्ण निथळू द्यावा, साल काढावी, मधला पारदर्शक गर धुऊन घ्यावा. तो त्वचेला लावायला चांगला. अख्खं पान मिक्सरमधून काढून पिणं वेगळं, आणि चुकीचं.

तुळस रात्रीही प्राणवायू सोडते, हे मात्र साफ खोटं. प्रकाश नसताना कोणतंही झाड प्राणवायू सोडत नाही.

यावरून झाडपाला सोडून द्यावा असं कुणी समजू नये. कुंपणावरच्या अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन तयार झालं. गरोदरपणात मात्र अडुळसा टाळावा, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. खोबरेल तेलाने केसांतल्या प्रथिनांची झीज कमी होते, हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रयोगाने दाखवलं. टक्कल पडायचं ते तेलाने थांबत नाही, हा भाग वेगळा. हळदीचं उदाहरण तर अभिमानाचं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. ती लढत जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवून जिंकली गेली. आजीच्या बटव्याची बाजू त्या दिवशी पुराव्यानेच राखली.

घरात काढा, चूर्ण, रस काहीही सुरू असेल तर ते डॉक्टरांना सांगावं, विशेषतः शस्त्रक्रियेआधी, गरोदरपणात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असताना. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगावर फोड आले, तर उपाय लगेच थांबवून घाटी किंवा जवळच्या रुग्णालयात जावं आणि उरलेली पुडी किंवा फांदी सोबत न्यावी. नेमकी कोणती वनस्पती पोटात गेली, हे त्यावरूनच ओळखता येतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे.