पोवळ्यासारखी अळंबी ओळखताना

चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातले कवकशास्त्रज्ञ करतारसिंग थिंड यांचा 'क्लॅव्हेरिएसी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९६१ साली निघाला. पोवळ्यासारख्या फांद्यांची आणि गदेसारखी अळंबी हा त्याचा विषय. थिंड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही अळंबी मसुरीच्या डोंगरांतून गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती. इतकी मेहनत का लागते, ते पुढच्या गैरसमजांवरून कळेल.

गैरसमज : दिसायला सारखी, म्हणजे एकाच घराण्यातली.

वस्तुस्थिती : रामारिया, क्लॅव्ह्युलिना आणि आर्टोमायसीस या तिन्हींना पोवळ्यासारख्या फांद्या असतात, पण आजच्या वर्गीकरणात त्या तीन वेगळ्या गणांत मोडतात. कुजक्या लाकडावरची काळी, बोटासारखी झायलेरिया तर त्याहून दूरची. तिचं नातं गुच्छीच्या मोठ्या गटाशी आहे. पक्व झायलेरिया आडवी कापून भिंगातून पाहा. आत पांढरा गर आणि काळ्या सालीलगत बारीक पोकळ्यांची रांग दिसते. बीजाणू त्या पोकळ्यांत तयार होतात. रामारियाचे मात्र फांदीच्या उघड्या पृष्ठभागावरच.

गैरसमज : रंग पाहिला की ओळख पटली.

वस्तुस्थिती : वयानं आणि पावसानं रंग बदलतो. बीजाणूंचा रंग जास्त भरवशाचा. ताजी फांदी अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर आडवी ठेवून वर वाटी पालथी घाला. सकाळी रामारियाखाली पिवळसर-तपकिरी भुकटी मिळेल, क्लॅव्ह्युलिनाखाली पांढरी. एवढ्यानं प्रजाती ठरत नाही, पण शोध निम्म्यावर येतो.

नुसतं टोक खुडून आणणं मला पटत नाही. बुंधा उकरलाच पाहिजे. उत्तराखंडच्या उंच कुरणांत जमिनीतून वर आलेली बारीक गदा खणली, की खाली अळी निघते, तीच कीडाजडी.

गैरसमज : पोवळ्यासारखी अळंबी विषारी नसते.

वस्तुस्थिती : रामारिया फॉर्मोसानं जुलाब होतात. जपानमध्ये लालभडक, बोटांसारखी ट्रायकोडर्मा कॉर्नु-डामाए खाऊन माणसं दगावली आहेत. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलते का, या परीक्षांना काही अर्थ नाही. कुणी खाल्लीच असेल, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठा आणि उरलेला तुकडा सोबत न्या.