काच निववावी लागते

आग्र्याहून सुमारें ४० किलोमीटरवर फिरोजाबाद हें शहर आहे. बांगड्यांकरितां तें प्रसिद्ध आहेच. परंतु तेथें फुंकून काचेचीं भांडींहि घडवितात. गेल्या वर्षीं प्रवासांत तेथील एका प्रौढ कारागिराचें काम पाहण्याचा योग आला. ‘काच फुंकून भांडें करतात,’ असें मी शाळेंत मुलांना वर्षानुवर्षें सांगत आलों होतों. तें वाक्य किती अपुरें होतें, हें त्या दिवशीं कळलें.

नुसती वाळू वितळावयास सुमारें १७०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. तींत सोडा मिसळला म्हणजे ती बऱ्याच कमी उष्णतेंत वितळते. पण अशी काच पाण्यांत विरघळेल, म्हणून चुनखडीहि घालतात. भट्टींतला हा रस मधासारखा दाट असतो. कारागिरानें पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर तो गुंडाळून घेतला व हलकीशी फुंकर मारली. ही युक्ति सुमारें २००० वर्षांपूर्वीं सिरिया-पॅलेस्टाइनकडे निघाली. फुंकर क्षणभराची, नळी फिरविणें मात्र अखंड. कारण काच पाण्याप्रमाणें एकाएकीं गोठत नाहीं. ती हळूहळू घट्ट होते. हात थांबला, कीं रस आपल्या भारानें ओघळतो व आकार वांकडा होतो. काच ताठरूं लागतांच तो ती पुन्हां भट्टीच्या तोंडाशीं धरून मऊ करी.

अखेर सुंदर सुरई सिद्ध झाली. “झाली ना तयार?” मीं विचारलें.

“अभी कच्ची है, बाबूजी,” तो म्हणाला.

बाहेरची बाजू लवकर निवून आकसते, आंतली मागें राहते. त्या ताणानें भांडें पुढें केव्हांहि तडकतें. म्हणून सुमारें ५०० अंशांच्या निराळ्या भट्टींत ठेवून तें कित्येक तास सावकाश निववितात.

मला माझ्या वर्गांतला एक मुलगा आठवला. अपूर्णांक त्याला नुकते कुठें कळूं लागले होते, तोंच अभ्यासक्रम संपविण्याच्या घाईंत मीं त्याला पुढें ओढलें. वर्षअखेर तो नापास झाला, आणि मीं त्याच्या बुद्धीला दोष दिला.

आपल्या घरचा पेला बहुधा यंत्रांतून निघालेला असेल. पण सावकाश निवणें त्यालाहि चुकलेलें नाहीं. फुंकरीनें आकार येतो. टिकाऊपणा निवण्यानें येतो.