विजेच्या बळावर पेशींची निवड

कोरड्या केसांवरून फिरविलेली फणी नळाच्या बारीक धारेजवळ नेली, कीं धार फणीकडे वांकते. रत्नागिरीस पावसाळ्याच्या दमट हवेंत हा प्रयोग बहुधा फसतो, कारण फणीवरील विद्युद्भार टिकत नाहीं. थंडीच्या कोरड्या दिवसांत मात्र तो साधतो. स्पर्शावांचून पाण्यास वळविणारें हें बळ आज जिवंत पेशी निवडण्याच्या कामीं येत आहे.

रक्ताच्या एका घनमिलिमीटरांत तांबड्या पेशी सुमारें ५० लाख, तर पांढऱ्या कांहीं हजारच असतात. त्यांतून विशिष्ट जातीच्या पेशी जिवंत वेंचण्यास चिमटा निरुपयोगी. १९६५ सालीं अमेरिकेंतील मॅक फुलवायलर यांनीं यावर तोड काढली. पेशींचें द्रावण बारीक धारेनें सोडावयाचें, प्रत्येक पेशीचें आकारमान मोजावयाचें आणि कंपनानें धारेचे थेंब पाडावयाचे. हवी ती पेशी ज्या थेंबांत असेल, त्यास धारेपासून सुटतांक्षणींच विद्युद्भार द्यावयाचा. पुढें दोन विद्युद्भारित पट्ट्यांमधून जातांना तो थेंब बाजूस वळून निराळ्या नळींत पडतो. पेशींस चकाकणारें रंगद्रव्य जोडून त्या प्रकाशानें ओळखण्याची रीत नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठांत लेनर्ड हर्झेनबर्ग यांनीं सिद्ध केली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत अशीं यंत्रें आहेत.

आतां हेंच काम केसाएवढ्या रुंदीच्या नलिकांतही होतें. तेथें तेलांतून पाण्याचे थेंब वाहतात. एकेक थेंब म्हणजे एकेका पेशीची स्वतंत्र खोली. पेशीनें स्रवलेला पदार्थ त्या खोलींतच राहतो. म्हणून पेशी कोणती एवढेंच नव्हे, तर ती काय बनविते, हेंही कळतें. येथें थेंबास भार देण्याचीही गरज नसते. विद्युत्क्षेत्र एका बाजूस अधिक तीव्र ठेवलें, कीं भाररहित थेंबही तिकडे ओढला जातो. कागदाचे कपटे फणीकडे धांवतात तसाच.

मात्र प्रमाण सांभाळावें लागतें. पेशीचें आवरण मिलिमीटराच्या सुमारें दोन लक्षाव्या भागाइतकेंच जाड असतें. तीव्र क्षेत्रानें त्यास छिद्रें पडतात. क्षणिक छिद्रें बुजतात, व तेवढ्यांत बाहेरील जनुक आंत घालतां येतें. एबरहार्ट नॉयमन व त्यांचे सहकारी यांनीं जर्मनींत हें १९८२ सालीं दाखविलें. परंतु बळ थोडें अधिक झालें, तर पेशी मरते. रोगावर उपयुक्त प्रतिद्रव्य बनविणारी पेशी रक्तांत फार विरळ असते. ती शोधून काढतांनाच मारली, तर सारा खटाटोप व्यर्थ. वीज किती लावावी याइतकेंच ती कोठें थांबवावी, हें जाणणें येथें महत्त्वाचें आहे.