घोड्याच्या जबड्याखाली गाठ आली तर? स्ट्रँगल्स म्हणजे काय, आणि त्यात ग्लँडर्सची भीती का असते?

लग्नसराई सुरू झाली की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हॉलबाहेर एक दृश्य हमखास दिसतं. बँड, लायटिंग, नाचणारे मित्र आणि मधोमध सजवलेली घोडी. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि बग्ग्या रस्त्यावरून गेल्या. पण वरातीतली घोडी अजूनही आहे.

या घोड्यांना होणारा एक आजार असा आहे की ज्यात घोडा बहुतेक वेळा वाचतो, पण घोडेवाल्याचा अख्खा सीझन बुडू शकतो. त्यामुळेच तो लपवला जाण्याची भीती असते. आजाराचं नाव स्ट्रँगल्स. तो नेमका काय आहे, त्यात घोड्याची काळजी कशी घ्यायची आणि वरातीत नाचणाऱ्या तुम्हाआम्हाला त्याच्याशी काय देणंघेणं, हे सोप्या शब्दांत समजून घेऊ.

स्ट्रँगल्स म्हणजे नेमकं काय?

स्ट्रेप्टोकॉकस इक्वी नावाच्या जिवाणूमुळे हा आजार होतो. घोडा, गाढव आणि खेचर यांच्यात तो वेगाने पसरतो. जिवाणू नाकातोंडावाटे आत शिरतो आणि जबड्याखालच्या व घशाजवळच्या लसिका ग्रंथींमध्ये जाऊन बसतो. तिथे पू साठतो, गाठी सुजतात आणि काही दिवसांनी फुटतात. सूज वाढली की घोड्याचा श्वास कोंडतो, गळा आवळल्यासारखा आवाज येतो. इंग्रजी नाव त्यावरूनच पडलं.

आजार नवा नाही. युरोपात तेराव्या शतकातल्या अश्ववैद्यकाच्या ग्रंथात त्याचं वर्णन सापडतं.

लक्षणं कोणती?

संसर्ग झाल्यावर साधारण ३ ते १४ दिवसांत लक्षणं दिसतात. सगळ्यात आधी येतो ताप. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असतं. या आजारात ते १०३ च्या वर जातं. मग घोडा चारा सोडतो, मान पुढे ताणून उभा राहतो, नाकातून आधी पाण्यासारखा आणि नंतर घट्ट पिवळा स्राव येतो. जबड्याखाली गरम, दुखरी गाठ हाताला लागते.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. ताप येतो त्या दिवसापासून घोडा लगेच आजार पसरवत नाही. त्यासाठी साधारण दोन-तीन दिवस जातात. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावला आणि ताप दिसताच घोडा बाजूला बांधला, तर तबेल्यातले बाकीचे घोडे वाचू शकतात.

पसरतो कसा?

हा आजार हवेतून लांबवर जात नाही. तो जातो नाकाला नाक लागून, आणि वस्तूंवरूनही. एकच बादली, एकच तोबरा, एकच खरारा, एकच लगाम. आजारी घोड्याला हात लावून तसाच दुसऱ्याला चारा घालणाऱ्या माणसाच्या हातावरून, कपड्यांवरूनही. पाण्यात हा जिवाणू काही आठवडे तग धरू शकतो.

आता उपनगरातला दाटीवाटीचा तबेला डोळ्यांसमोर आणा. चार-सहा घोडे शेजारी शेजारी, पाण्याला एकच टाकी, वरातीचा साज आज एका घोडीवर तर उद्या दुसरीवर. आजाराला याहून सोयीची जागा नाही.

दुसरा धोका नव्या घोड्याचा. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा कोणत्याही बाजारात वेगवेगळ्या ठिकाणचे घोडे एकत्र येतात. त्यामुळे विकत आणलेला घोडा दिसायला कितीही तगडा असला तरी तो निदान तीन आठवडे वेगळा ठेवावा.

मग ग्लँडर्सचा संबंध काय?

इथे गोष्ट गंभीर होते. नाकातून स्राव, ताप, गाठी ही लक्षणं ग्लँडर्स या दुसऱ्या आजारातही दिसतात. ग्लँडर्सचा जिवाणू वेगळा आहे, बर्कहोल्डेरिया मॅलेई. तो माणसालाही होतो आणि वेळेत उपचार न मिळाल्यास जीव घेतो. घोड्यांसाठी त्यावर लस नाही. भारतात ग्लँडर्स पक्का झालेल्या घोड्यावर उपचार केले जात नाहीत, त्याला वेदनारहित मरण दिलं जातं.

हा आजार देशातून जवळजवळ गेला असं वाटत असतानाच २००६ मध्ये त्याने पुन्हा डोकं वर काढलं, आणि तेही महाराष्ट्रात. त्यानंतर तो इतर राज्यांतही आढळत राहिला.

साधारण फरक असा. स्ट्रँगल्सची गाठ जबड्याखाली येते, फुटते आणि मग भरून येते. ग्लँडर्समध्ये नाकाच्या आत व्रण पडतात, पायांवर किंवा अंगावर ओळीने गाठी येतात, त्या फुटून चिघळतात आणि घोडा खंगत जातो. पण फक्त डोळ्यांनी पाहून कोणीही ठामपणे सांगू नये. स्ट्रँगल्ससाठी नाकातला स्राव किंवा पू तपासतात. ग्लँडर्सचं निदान रक्ताच्या तपासणीने होतं आणि हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही त्यासाठीची देशातली प्रमुख संस्था आहे.

२००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार ग्लँडर्सचा संशय आला तरी कळवणं आणि जनावर वेगळं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. निदान होईपर्यंत घोडा हाताळताना हातमोजे आणि मास्क वापरावा. हातावर जखम असलेल्याने जवळ जाऊ नये.

स्ट्रँगल्स असेल तर काळजी कशी घ्यायची?

बहुतेक घोडे विश्रांती आणि नीट देखभाल मिळाली की बरे होतात.

१. घोडा वेगळा बांधा. त्याची बादली, तोबरा, खरारा, मोरखी सगळं वेगळं. शक्य असेल तर माणूसही वेगळा. नसेल, तर आधी निरोगी घोड्यांचं काम आणि शेवटी आजारी घोड्याचं.

२. घसा दुखत असल्याने कोरडा चारा गिळवत नाही. भिजवलेला कोंडा, ओला मऊ चारा आणि स्वच्छ पाणी द्या, आणि ते फार खाली मान घालावी लागणार नाही अशा उंचीवर ठेवा.

३. गाठीला गरम कापडाचा शेक द्या, म्हणजे ती लवकर पिकते. पिकलेली गाठ डॉक्टरच फोडतील. घरच्या ब्लेडने प्रयोग नको, तिथे मोठ्या रक्तवाहिन्या असतात.

४. गाठ फुटल्यावर जखम पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडिनने धुवा. पू पडलेलं गवत आणि कापूस तबेल्यात पडू देऊ नका.

५. श्वास घेताना मोठा आवाज येत असेल किंवा घोडा पाणीही गिळत नसेल, तर ती इमर्जन्सी आहे.

एक इंजेक्शन मारलं की झालं ना?

नाही. पेनिसिलिन या जिवाणूवर चालतं, पण गाठ तयार झाल्यावर औषध पूच्या आत नीट पोहोचत नाही. सूज थोडी दबते आणि औषध थांबलं की परत येते. म्हणून अँटिबायोटिक कधी द्यायचं हे डॉक्टरने ठरवायचं. ताप दाबायचं इंजेक्शन देऊन घोडी वरातीला उभी करणं तर सगळ्यात वाईट. ताप लपतो, संसर्ग नाही.

घोडा बरा दिसतोय, कामाला लावायचा का?

लगेच नाही. लक्षणं गेल्यावरही दोन-तीन आठवडे जिवाणू नाकातून पडत राहतो. काही घोड्यांमध्ये तो घशाजवळच्या हवेच्या पिशव्यांमध्ये दडून महिनोन् महिने राहतो. असा घोडा धडधाकट दिसतो आणि बाकीच्यांना आजार देत राहतो. त्यामुळे चाचणी निगेटिव्ह आल्यावरच त्याला इतर घोड्यांत मिसळावं.

घोडेवाल्याच्या बाजूने पाहिलं तर हे सोपं नाही. वर्षातले मोजके मुहूर्त आणि त्यातच महिनाभर घोडी बांधून ठेवायची. पण हिशोब असा आहे: आज एक घोडी थांबली तर एका घोडीची कमाई जाते. ती लपवली तर दोन आठवड्यांत तबेल्यातल्या बाकीच्या घोड्या तापाने पडतात. आणि तो ग्लँडर्स निघाला, तर प्रश्न घोडेवाल्याच्या स्वतःच्या आणि त्याच्या पोरांच्या जिवाचा होतो.

तुम्ही काय करू शकता?

घोडी बुक करताना ती आजारी पडली तर दुसरी पाठवा किंवा पैसे पुढच्या तारखेला वळवू, असं आधीच बोलून ठेवा. आजारी जनावर उभं करण्याची वेळ त्यामुळे टळू शकते. वरातीत किंवा जुहू बीचवर नाकातून घट्ट स्राव येणारा किंवा जबड्याखाली सूज असलेला घोडा दिसला, तर त्याच्या तोंडाला हात लावू नका, मुलांना बसवू नका. व्हिडिओ टाकून घोडेवाल्याला ट्रोल करण्याआधी पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या हेल्पलाइनवर फोन करा, किंवा त्याला परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांच्या रुग्णालयाचा पत्ता सांगा.