दुवा देण्याची रीत

आपल्या जुन्या वहीखात्यात रोजकीर्दीच्या प्रत्येक नोंदीशेजारी खाते-पानाचा आकडा घालण्याची वहिवाट आहे. तो आकडा पाहिला की खतावणीचे कोणते पान उघडावयाचे हे मुनीमास कळते. आज संगणकावर प्रसिद्ध होणाऱ्या परिपत्रकांत, भावपत्रकांत व लेखांत जो दुवा, म्हणजे हायपरलिंक, देतात त्याचे कार्य तेच होय. ठरावीक शब्दांवर बोट ठेवले की इच्छित पान उघडते. असा दुवा देणे सोपे आहे. परंतु तो सर्वांस वापरता येईल अशा रीतीने देण्याविषयी आपणांत पुरेशी जाणीव नाही. आम्हांसही ती नव्हती.

आमचे एक समव्यवसायी वृद्ध स्नेही काचबिंदूने दृष्टी गमावून बसले आहेत. तथापि त्यांनी पेढी सोडलेली नाही. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी ‘स्क्रीन रीडर’ नामक आज्ञावली त्यांच्या संगणकात आहे. काही वर्षांपूर्वी व्यापारी मंडळींसाठी आम्ही एक परिपत्रक तयार केले. त्यात नऊ दुवे होते आणि नऊही ठिकाणी ‘येथे क्लिक करा’ एवढेच शब्द होते. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज सातव्या दुव्यामागे होता. तो त्यांस वेळेवर सापडला नाही, मुदत टळली व विलंबशुल्क भरावे लागले. ते आम्हांस इतकेच म्हणाले, “अहो, नऊ पोती रांगेने लावलीत आणि एकावरही मार्का नाही. तूर कोणती नि हरभरा कोणता, हे मी कसे ओळखावे?” दोष सर्वस्वी आमचा होता.

असे का घडते ते पाहू. डोळस वाचक दुव्याच्या मागचापुढचा मजकूर एका दृष्टिक्षेपात पाहतो. अंध वाचक पुष्कळदा पानावरील केवळ दुव्यांची यादी काढून ती ऐकतो. ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य आज्ञावली २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन ह्या अंध गृहस्थांनी सुरू केली. तीत इन्सर्ट व एफ-७ ह्या कळा एकत्र दाबल्या असता अशी यादी पुढे येते. आमच्या परिपत्रकाच्या यादीत एकच वाक्य नऊ वेळा ऐकू येत होते.

म्हणून पहिला नियम असा की, दुव्याच्या शब्दांतच पलीकडे काय आहे ते सांगावे. ‘अर्जासाठी येथे क्लिक करा’ असे लिहून केवळ ‘येथे’ ह्या शब्दास दुवा जोडण्यापेक्षा ‘परवाना नूतनीकरणाचा अर्ज’ ह्या पूर्ण शब्दांस तो जोडावा. दोन निराळ्या पानांस एकच नाव देऊ नये. पलीकडे पान नसून फाइल असेल तर ‘पीडीएफ, २ एमबी’ असे त्याच शब्दांत नमूद करावे.

दुसरे, संकेतस्थळाचा लांबलचक पत्ता मजकुरात उघडा टाकू नये. स्क्रीन रीडर त्यातील अक्षरे, आकडे व चिन्हे निरर्थकपणे उच्चारीत बसतो. वर्ड किंवा गूगल डॉक्समध्ये योग्य शब्द निवडून कन्ट्रोल व के ह्या कळा दाबाव्या व समोर येणाऱ्या चौकटीत पत्ता घालावा, म्हणजे तो शब्दांमागे राहतो. व्हॉट्सॲपच्या संदेशात पत्ता उघडाच द्यावा लागतो. तेथे निदान तत्पूर्वी तो कशाचा आहे हे एका ओळीत लिहावे.

तिसरे, दुवा केवळ रंगाने वेगळा दाखवू नये. काहींस रंगांतील भेद दिसत नाही आणि उतारवयात फिकट अक्षरे पुसटतात. दुव्यास अधोरेखा ठेवावी. मात्र इतर मजकूर अधोरेखित करू नये, नाहीतर वाचक त्यावर व्यर्थ बोट दाबीत राहतो. तसेच दुवे एकमेकांस चिकटून देऊ नयेत. कापणाऱ्या हातास नेमका दुवा साधणे कठीण जाते.

हे नियम आमच्या मनचे नव्हेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ साली सुगम्यतेची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली व २०२३ साली सुधारून वाढविली, त्यांत दुव्याचा हेतू स्पष्ट असावा आणि केवळ रंगावर भिस्त ठेवू नये, असे सांगितले आहे. साध्या आकाराच्या अक्षरांचा व पार्श्वभूमीचा उजळपणा किमान साडेचारास एक ह्या प्रमाणात भिन्न असावा, असेही त्यांत आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजीच्या निर्णयात अंकीय सेवांची सुगम्यता ही जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानली आहे.

तत्त्वार्थसूत्रात ज्ञानाच्या मार्गात अंतराय आणणे हे ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाचे एक कारण गणले आहे. आम्ही हेतुपुरस्सर अंतराय आणला नव्हता. परंतु निष्काळजीपणाने स्नेह्याच्या वाटेत अडथळा घातला, हे खरे. तेव्हापासून कोणतेही परिपत्रक धाडण्यापूर्वी त्यातील दुवे तेवढे आम्ही मोठ्याने वाचून पाहतो. ऐकणाऱ्यास प्रत्येकाचा अर्थ लागला तरच ते पुढे जाते. ह्या कामास पाच मिनिटेही लागत नाहीत. सर्व सभासद बंधुभगिनींनी आपापल्या पेढीवर हा परिपाठ ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र.