कोपरातली सुई

कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा लागतो. ऑर्थोपेडिक डॉक्टर बोलता बोलता अंगठा नेमका तिथेच दाबतात आणि पेशंट कळवळतो. मग मूठ आवळून मनगट वर उचलायला लावतात, वरून जोर देतात. पुन्हा तीच कळ. टेनिस एल्बोचं निदान बहुतेक वेळा एवढ्यावरच होतं.

ओपीडीच्या बाकावर टेनिस खेळलेलं क्वचितच कुणी असतं. पोळ्या लाटणाऱ्या बायका, सुतार, रंगारी, प्लंबर, दिवसभर माऊस धरणारे. वय साधारण पस्तीस ते पंचावन्न. हे नाव मराठी घरांत रुजलं ते २००४ मध्ये, सचिन तेंडुलकरच्या कोपरामुळे. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटी त्याला सोडाव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली.

पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंना शस्त्रक्रिया नको असते आणि सुट्टीही. चहाचा कप उचलवत नाही, लगीनसराई तोंडावर आलेली. ‘डॉक्टर, ते इंजेक्शनच द्या,’ असं त्या स्वतःच सांगतात.

ते इंजेक्शन म्हणजे स्टेरॉइड. दुधाळ औषध आणि भूल देणारं पारदर्शक औषध एकाच सिरिंजमध्ये ओढतात, दुखरी जागा चाचपून सुई आत घालतात. काम मिनिटाचं. काहींच्या कोपरावर नंतर पांढरा चट्टा उमटतो, मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते. पण दुखणं पळतं, आणि तेही असं, की बाई शेजारणीलाही याच डॉक्टरांकडे धाडतात.

घोळ पुढे आहे. नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर झालेला अभ्यास २००२ मध्ये छापून आला. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ९२ टक्के बरे होते; नुसती वाट पाहणाऱ्यांत फक्त ३२. वर्षाअखेरीस पारडं फिरलं: इंजेक्शनवाले ६९, वाट पाहणारे ८३, फिजिओथेरपीवाले ९१. ऑस्ट्रेलियातला २०१३ चा अभ्यास आणखी बोचरा आहे. तिथे काहींना औषधाऐवजी बिनऔषधी इंजेक्शन दिलं होतं. दुखणं उलटण्याचं प्रमाण त्यांच्यात १२ टक्के, स्टेरॉइड घेतलेल्यांत ५४.

असं का व्हावं? १९७९ मध्ये अमेरिकेत नर्शल आणि पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दाहाच्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. मनगट उचलणाऱ्या स्नायूची कंडरा हाडाला चिकटते तिथे तिचे तंतू जुन्या सुंभासारखे विस्कटले होते. स्टेरॉइड दाह शमवतं. इथे शमवायला दाहच फारसा नाही. शिवाय कळ थांबली की बाई दुसऱ्याच दिवशी लाटणं हातात घेतात.

मग आलं पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. दुसऱ्या हातातून रक्त काढायचं, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर द्रव तरंगतो. त्यातला प्लेटलेट्सनी दाट झालेला दोन-तीन मिलिलिटरचा भाग सिरिंजमध्ये घेतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवून कंडरेत सोडतात. सुई बाहेर न काढता तिथल्या तिथे अनेकदा टोचतात. नंतरचे काही दिवस कोपर आधीपेक्षा जास्त ठणकतं, आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनाही मनाई. खर्च हजारांत. आपलंच रक्त आपल्याला बरं करतं, ही कल्पना पेशंटला पटकन पटते. डॉक्टरांनाही पटली होती. सुरुवातीच्या काही अभ्यासांनी आशाही दाखवली. २०२१ मध्ये वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ३२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा बिनऔषधी इंजेक्शनच्या तुलनेत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही.

म्हणून आता बरेच डॉक्टर सिरिंजआधी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात देतात. तळवा जमिनीकडे, हात टेबलावर, मनगट काठाबाहेर. दुसऱ्या हाताने उचलून द्यायचं आणि सावकाश खाली सोडायचं. रोज, कित्येक आठवडे. शिवाय वजन उचलताना तळवा वर ठेवायचा, पिळणं-लाटणं कमी करायचं. चारजणी कामाला असलेल्या केंद्रात हे जमून जातं. एकटीने चालणाऱ्या केंद्रात लाटायला दुसरे हात नसतात, आणि इंजेक्शनचा हट्ट जास्त करून तिथूनच येतो.